तीस सप्टेंबरचा पट

30 सप्टेंबर जवळ आला की आमच्या शाळेत अभ्यासापेक्षा पटाचीच चर्चा जास्त होते. त्या दिवसाच्या पटावर संचमान्यता होते आणि शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. काही वर्षांपूर्वी आमचा पट 61 होता. शिक्षण हक्क कायद्यात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तिसरा. नेमकी त्याच महिन्यात चौथीतली एक मुलगी आईवडिलांबरोबर पुण्याला बांधकामावर गेली. दाखला न्यायला कोणी आलंच नाही. सहकारी म्हणाले, "राहू द्या की मॅडम नाव, कोण बघतंय?"

ही आठवण वर आली ती अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराबद्दल वाचताना. 2023 पासून आपल्याकडे दत्तक शाळा, समूह शाळा असे शब्द कानावर येऊ लागले, तेव्हा म्हटलं, जिथं असं काहीतरी मोठ्या प्रमाणावर झालंय तिथलं आधी समजून घ्यावं.

तिथल्या शाळांना 'चार्टर शाळा' म्हणतात. शाळा सरकारी पैशावर चालते, मुलांना फी नाही. पण कारभार करारानं एखाद्या संस्थेकडे असतो. ठरलेल्या वर्षांत निकाल दाखवला नाही तर करार संपतो, शाळा बंदही होते. ऑगस्ट 2005 मध्ये कॅटरिना वादळानं शहर बुडालं. त्याआधी तिथल्या सरकारी शाळांत सुमारे 65 हजार मुलं होती. वादळानंतर लुइझियाना राज्यानं शंभराहून जास्त शाळा आपल्या ताब्यात घेतल्या आणि हळूहळू संस्थांकडे दिल्या. 7 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. 2014 पर्यंत राज्याच्या ताब्यातली एकही शाळा जुन्या पद्धतीची उरली नाही. 2018 मध्ये त्या शाळा पुन्हा स्थानिक मंडळाच्या देखरेखीखाली आल्या.

निकाल वाढला का? वाढला, आणि ते मोकळ्या मनानं मान्य करायला हवं. तिथल्या टुलेन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बराच काळ मोजमाप केलं. परीक्षेतले गुण, बारावी पूर्ण करणारी मुलं, कॉलेजात जाणारी मुलं, सगळंच वाढलेलं दिसलं. पण त्याच अभ्यासकांनी पैसाही मोजला. तुलनेसाठी घेतलेल्या इतर जिल्ह्यांपेक्षा दर मुलामागचा खर्च 13 टक्क्यांनी वाढला होता. त्यात प्रशासनाचा खर्च 66 टक्क्यांनी वर गेला, आणि प्रत्यक्ष शिकवण्यावरचा 10 टक्क्यांनी खाली आला. म्हणजे नुसता निकाल बघून "संस्थांनी करून दाखवलं" म्हणणं अर्धवट, आणि नुसता खर्च बघून नावं ठेवणंही अर्धवट. पट, निकाल आणि पैसा ही तीन पानं एकत्रच वाचावी लागतात.

माझं लक्ष मात्र पटावर अडकलं. तिथंही पैसा मुलामागे जातो आणि मोजणीचा एक दिवस असतो 1 ऑक्टोबर. आपल्या तारखेनंतरचा अगदी दुसरा दिवस! सुरुवातीला प्रत्येक शाळा आपापले प्रवेश करायची. विशेष गरजा असलेल्या मुलांना नीट दाद मिळत नाही म्हणून 2010 मध्ये पालक कोर्टात गेले. 2012 पासून बहुतेक शाळांसाठी प्रवेशाचा एकच अर्ज आला, शाळेतून काढून टाकण्याचे नियमही सगळ्यांना सारखे झाले. स्पर्धा होतीच, पण अवघड वाटणाऱ्या मुलाला दार उघडं राहावं म्हणून सगळ्यांना बांधणारा नियम लागला. मला वाटतं, आपल्यासाठी धडा आहे तो हा. मोजणीला पैसा जोडला की शाळा मुलं मोजायला शिकते. मूल सांभाळायला शिकेलच असं नाही.

हे मी वर बसून बोलत नाहीये. त्या वर्षी मी पट 60 लिहिला, तिसऱ्या गुरुजींची बदली झाली आणि दोन-दोन, तीन-तीन वर्ग एकत्र बसवून आम्ही वर्ष काढलं. प्रामाणिकपणाचं समाधान होतं, खोटं कशाला सांगू. पण ते फार टिकलं नाही. पट जुळेल का याचा विचार मी पंधरा दिवस केला होता; ती मुलगी तिकडं शाळेत जाते का, हे विचारायचं मात्र सुचलं ते मोजणी संपल्यावर.

शेवटी फोन लावला. ती शाळेत जात नव्हती, साइटवर धाकट्या भावाला सांभाळत होती. आणखी तीन फोन झाले, तेव्हा जवळच्या महापालिकेच्या शाळेत तिला बसवलं गेलं. दिवाळीनंतर तिकडून दाखल्याची मागणी आली. मी दाखला भरून पाठवला.

आता दर सप्टेंबरात मी आधी गैरहजर मुलांची यादी काढते, फोन करते. पटाची बेरीज नंतर.