आभारप्रदर्शनाच्या आधी

शाळेत पाहुणे येतात तेव्हा त्यांनी किती वेळ बोलावं हे कुणी ठरवलेलं नसतं, पण बोलणं संपल्या संपल्या आभार मानायचे हे मात्र पक्कं असतं. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षीय समारोप. एवढं होईस्तोवर पटांगणातली पोरं मातीत रेघोट्या ओढायला लागलेली असतात. मग सूत्रसंचालन करणारी दहावीतली मुलगी घाईघाईनं पुकारते, ‘यानंतर आभारप्रदर्शन.’ मुलांना काही विचारायचं होतं का, याला कार्यक्रमपत्रिकेत जागाच नसते.

मी पारनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विज्ञान मंडळ माझ्याकडे, सहलीच्या परवानग्या माझ्याकडे, आणि अक्षर बरं असल्यामुळे स्नेहसंमेलनात वाचायचा वार्षिक अहवालही माझ्याकडेच. त्यामुळे शाळेत वर्षभर कोण आलं, मुलं कुठे गेली आणि कशात नंबर आला, याचा हिशेब माझ्या वहीत असतो. पाहुण्यांनी काय सांगितलं हे मात्र आठवडाभरानं मुलांना आठवत नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

खोडदची सहल याला अपवाद ठरली. शाळेची सहल म्हणजे रायगड, महाबळेश्वर, गणपतीपुळे, आणि अलीकडे पालकांच्याच आग्रहानं वॉटरपार्क. त्यात मी नारायणगावजवळच्या दुर्बिणीचं नाव काढलं तेव्हा शिक्षकखोलीत कुणी तरी विचारलंच, ‘तिथे बघायला काय आहे?’ प्रश्न रास्त होता. खोडदच्या जीएमआरटीमध्ये डोळा लावून चंद्र बघायची सोय नाही. तिथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यातल्या 14 मधल्या एक चौरस किलोमीटरच्या आसपास, बाकीच्या तीन फाट्यांवर दूरपर्यंत विखुरलेल्या. सगळ्या मिळून सुमारे 25 किलोमीटर पसरलेल्या एकाच दुर्बिणीसारखं काम करतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे आजूबाजूच्या शाळांचं प्रदर्शन भरतं आणि आत जाऊन बघता येतं. एसटीची शालेय सवलत मिळाली, संमतीपत्रं आली आणि आळेफाटामार्गे आम्ही निघालो.

आत जाताना फोन बंद करायला सांगतात. ताऱ्यांकडून येणारा संदेश इतका क्षीण असतो की आपल्या खिशातला फोनही त्याच्यापुढे आरडाओरडा करतो. मुलांकडे फोन नव्हतेच, शिक्षकांचे चेहरे तेवढे पडले. तबकडीखाली उभं राहिल्यावर पोरं गप्प झाली. मान मागे टाकून पाहिलं तरी ती नजरेत मावत नाही. आणि एवढी अवाढव्य वस्तू चक्क जाळीची आहे. आरपार निळं आभाळ दिसतं.

माहिती सांगणारे शास्त्रज्ञ ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांबद्दल बोलत होते. दोऱ्यांसारख्या ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवून वजन आणि खर्च दोन्ही कसे कमी केले, जाळीतून वारा निघून जात असल्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला, हे सगळं. तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. वर्गात ही कधी बोलत नाही. म्हणाली, ‘सर, पाऊस खाली पडतो ना यातून? मग लहरी कशा पडत नाहीत?’

शास्त्रज्ञ बोलता बोलता थांबले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. पाठ केलेलं बाजूला ठेवून माणूस खरोखर बोलू लागतो तेव्हा चेहरा बदलतो. त्यांनी जमिनीवर उकिडवं बसून काडीनं लांब लाट काढली, तिच्याखाली जाळीची बारीक भोकं काढली. लाटेच्या मानानं भोक फारच लहान असलं की लाटेला ते भोक जाणवतच नाही, अख्खा पत्रा असल्यासारखी ती परतते. पाण्याचा थेंब भोकापेक्षा लहान, तो निसटतो. मागून एक पोरगा म्हणाला, ‘म्हणजे क्रिकेटच्या नेटसारखं. बॉल अडतो, माशी जाते.’ शास्त्रज्ञ म्हणाले, ‘अगदी तसंच नाही, पण आजच्यापुरतं चालेल.’ मग अर्धा तास प्रश्नच प्रश्न. आभार मानायचे राहून गेले ते बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

पुढे 20 मे 2025 रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. शाळेला सुट्टी होती. जूनमध्ये मंडळाच्या पहिल्या बैठकीत मी मुलांना त्यांची एक सवय सांगितली. मुलं स्वाक्षरी मागायला आली की ते वहीवर सही करायचं टाळत. पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा म्हणत, मग उत्तराखाली त्यांची सही येई. मुलांना हा व्यवहार फार आवडला. आपणही असंच करायचं ठरलं. पाहुणे येण्याआधी आठवडाभर प्रश्न पोस्टकार्डावर लिहायचे, कार्डं त्यांच्याकडे आधी पोचवायची, भाषण नकोच. पोस्टात गठ्ठा मागितला तेव्हा पोस्टमास्तरांनी दोनदा विचारलं, ‘पोस्टकार्डंच ना?’

पहिले पाहुणे कोण, यावर बरीच वादावादी झाली. मी सुचवलेली नावं रीतसर होती, प्राध्यापक, डॉक्टर. नववीतला एक जण म्हणाला, ‘माझ्या आज्ज्याला बोलवा. ते पाणी बघतात.’

आमचा भाग पाण्याचा नव्हे. खाली काळा पाषाण, त्याच्या भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात जे काय साठेल तेच पाणी. त्यामुळे बोअर घ्यायच्या आधी पाणाड्या येतो, तळहातावरचा आडवा नारळ जिथे उभा राहील तिथे पाणी सांगतो, आणि त्याच्या शब्दावर माणसं लाखभर रुपये जमिनीत घालतात. शिकलेलीही घालतात. विज्ञान मंडळानं पाणाड्याला बोलवावं का, यावर मुख्याध्यापक सरांनी कपाळावर हात नेला. ‘मॅडम, लोक म्हणतील शाळेनं अंधश्रद्धेला शाल दिली.’ मी म्हटलं, ‘शाल द्यायची आहेच सर, पण आधी प्रश्न विचारायचे आहेत.’

कार्डं जमा झाली. ‘कुठल्या झाडाखाली पाणी असतं?’ ‘किती फूट खोल हे कसं कळतं?’ ‘तुम्ही फी किती घेता?’ आणि एका कार्डावर ठळक अक्षरात, ‘डोळे बांधले तर नारळ उभा राहील का?’ हे कार्ड काढून घ्यावं असं मनात आलं. वयस्कर माणूस, गावातला मान, नातू मंडळातच. पण मंडळाचा नियम मीच केला होता. कार्ड गेलं.

त्या मुलाचे आजोबा, तात्या, आले ते पांढरं धोतर, टोपी आणि हसू घेऊन. म्हणाले, ‘बाई, डोळं बांधायचं कार्ड कुणाचं हाय? त्याला म्होरं बसवा.’ आधी तासभर बोलले. उंबर कुठे आपोआप उगवतो, वारुळं कुठे दिसतात, उन्हाळ्यातही गवत कुठे हिरवं राहतं, मेंढरं कुठे बसतात. मला नवल वाटत होतं, कारण झाडं आणि वारुळं पाहून पाणी ओळखण्याच्या अशा खुणा वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहेत, सहाव्या शतकातल्या. तात्यांनी त्या वाचल्या नव्हत्या, पाहिल्या होत्या.

मग सत्काराचा नारळच त्यांनी उचलला. शेंडी तपासली, तळहातावर आडवा ठेवला आणि पटांगणात चालू लागले. ठरावीक ठिकाणी नारळ हळूहळू उभा राहू लागला. पोरांनी ‘ओऽऽ’ केलं. तिथे तिथे फक्कीच्या खुणा झाल्या. आता उपरण्यानं डोळे बांधले, नातवानंच बांधले, आणि दोन मुलींनी हात धरून तात्यांना गोल फिरवून पुन्हा चालवलं. नारळ याही वेळी उभा राहिला, पण फक्कीपासून लांब, एकदा तर झेंड्याच्या ओट्याला लागून. कुणी हसलं नाही. नातू कानापर्यंत लाल झाला होता.

तात्यांनी उपरणं काढलं, खुणा पाहिल्या आणि म्हणाले, ‘ऊन लई झालंय, नारळ तापला.’ पोरं गप्प. मग सहावीतल्या एका मुलीनं, कार्डावर न लिहिलेला प्रश्न विचारला, ‘तात्या, तुम्ही सांगितलेले किती बोअर फेल गेले?’ म्हातारा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, ‘पोरी, ज्याला पाणी लागलं तो पेढं घेऊन येतो. ज्याला न्हाई लागलं तो मला सांगाया कशाला येईल?’

वैज्ञानिक दृष्टिकोनावर मी वर्षानुवर्षं धडे शिकवले. यशाची नोंद राहते, अपयशाची राहत नाही, म्हणून विद्या खरी वाटते, हे इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. नकळत होणाऱ्या हाताच्या हालचालींना विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्येच नाव दिलंय, तात्या फसवत नव्हते, त्यांचा हातच त्यांना सांगत होता, हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात समजावलं. पण मुलांचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्यांना फेल गेलेले बोअर मोजायचे होते. नातवानंच वही आखली: गाव, वस्ती, खोली किती फूट, पाणी लागलं का, जागा कुणी दाखवली. शनिवारी शाळा सुटली की मुलं आपापल्या वाडीवर विचारत फिरतात. काही घरी चहा मिळतो. काही ठिकाणी शिव्याही मिळतात, कारण कोरड्या बोअरचं कर्ज अजून फिटलेलं नसतं. तात्या आठवड्याला वही मागवून बघतात. दोन बोअर त्यांनीच सांगितले, ‘ह्ये माझं, कोरडं गेलं, लिवा.’

यंदाच्या अहवालात नेहमीच्या ओळी आहेतच. एनएमएमएस शिष्यवृत्तीसाठी निवड झालेली मुलं, तालुका विज्ञान प्रदर्शनातला दुसरा क्रमांक, खो-खोचा संघ जिल्ह्यापर्यंत, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे निकाल. ही मेहनत खरी आहे, टाळ्या वाजायलाच हव्यात. इन्स्पायर मानक या सरकारी योजनेसाठी पाठवायच्या कल्पनांबद्दल मात्र मला राग येतो. गॅसगळतीचा अलार्म आणि झोप लागली की वाजणारं हेल्मेट यूट्यूबवरून दरवर्षी नव्यानं जन्माला येतात, आणि आम्ही शिक्षकच ते आणतो. निवड झाली की मुलाच्या खात्यात 10,000 रुपये येतात, त्याचा मोह कुणाला नसतो? यंदा मी बोअरच्या वहीवरून निघालेली एक कल्पना पाठवली. निवड झाली नाही. वही चालूच आहे, पण ती कुठल्या रकान्यात घालायची हे मुख्याध्यापकांना आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. सध्या ‘इतर उपक्रम’ म्हणून एक ओळ आहे.

पुढचे पाहुणे मुलांनीच ठरवलेत: तालुक्याला बसणारे वीज कंपनीचे अभियंता. शेताला रात्रीचीच लाइट का, बापाला दोन वाजता मोटर चालू करायला अंधारात का जावं लागतं, बिबट्या आला तर जबाबदार कोण, अशी कार्डं येऊन पडली आहेत. मुख्याध्यापक सर म्हणतात, आधी कार्डं त्यांना दाखवू नका, साहेब यायचेच नाहीत. मुलं म्हणतात, मग ते तात्यांपेक्षा भित्रे. कार्डं मी काल पाठवून दिली.