नमस्कार करू की नको?

आमची सून बौद्ध घरची. हे आधीच सांगून टाकते. कारण ते सांगताना माझ्या आवाजात एक प्रकारचा डौल येतो, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे. लग्नाला दहा वर्षं झाली, तरी शेजारच्या वहिनींना मी अजून अधूनमधून ऐकवते, "आम्ही बाई काही तसले नाही हो!" आता, तसले म्हणजे नेमके कसले, याचा विचार करायची पाळी कधी आली नव्हती. ती आली थेट जावा बेटावर.

मुलगा नोकरीनिमित्त जाकार्ताला असतो. आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे राहायला गेलो होतो. तिथून सगळे मिळून आगगाडीनं योग्यकर्ताला गेलो. एकाच दिवसात सकाळी बोरोबुदूर आणि दुपारी प्रंबानन, असा बेत ह्यांनी आखला. म्हणजे सकाळी बुद्ध आणि दुपारी शंकर! हे प्रवासाला निघाले, की आधी आकडे पाठ करतात. गाडी सुरू होते न होते तोच आम्हाला कळलं, की बोरोबुदूर गावापासून चाळीस किलोमीटर, बुद्धमूर्ती ५०४, माथ्यावर जाळीचे स्तूप ७२ आणि भिंतींवर शिल्पपट २,६७२. "तुम्ही मोजणार आहात का?" मी विचारलं. गाडी हाकणारा मात्र हसला. तो मुसलमान, आणि त्याचं नाव विस्नू, म्हणजे आपला विष्णूच! जाव्हात अशी नावं मुसलमानांच्या घरी सर्रास ठेवतात, हे मला तिथंच कळलं.

बोरोबुदूरला वर चढायचं, तर आपल्या चपला खाली ठेवून तिथल्या विणलेल्या चपला पायांत घालाव्या लागतात. जुना दगड झिजू नये म्हणून ही व्यवस्था. त्या चपलांचं नाव 'उपानत'. मी थबकलेच. शाळेत गुरुजींनी छड्या मारून पाठ करून घेतलेला तो 'उपानत् उपानहौ उपानहः' पन्नास वर्षांनी असा पायांत येईल, असं कुणाला वाटलं होतं!

मग चढण. आठव्या-नवव्या शतकातलं हे बांधकाम. काळ्या ज्वालामुखी दगडाचे चिरे एकावर एक बसवलेले, मध्ये चुना नाही की काही नाही. पुढे ते राखेत आणि झाडोऱ्यात हरवलं. १८१४ साली इंग्रज गव्हर्नर रॅफल्सनं माणूस पाठवून ते शोधून काढलं, आणि १९७५ ते १९८२ या काळात युनेस्कोच्या मदतीनं त्याची मोठी डागडुजी झाली. हे सगळं ह्यांनी सांगितलं. मी ऐकलं ते निम्मंच. कारण माझा गुडघा बोलत होता. सुजातानं न विचारता माझा हात धरला होता.

पहिल्या सज्जात वरच्या ओळीत बुद्धाचं चरित्र कोरलं आहे. एकशे वीस पट, जन्माआधीपासून ते काशीजवळच्या पहिल्या उपदेशापर्यंत. ते वाचायचे, तर वास्तू उजव्या हाताला ठेवून चालायचं. म्हणजे आपली प्रदक्षिणाच. एका पटाशी सुजाता थांबली आणि लेकीला म्हणाली, "ही बघ, माझ्या नावाची बाई. उपाशी राहून थकलेल्या गौतमाला हिनं खीर दिली." आठ वर्षांची आमची छोटी हरखली. "आईचं नाव इथं आहे!" म्हणून तिनं सगळ्यांना ओढून आणलं.

मीही हरखले. आणि हरखले की मी बोलते. छोटीला जवळ घेऊन म्हटलं, "अगं, बुद्ध म्हणजे आपलाच. विष्णूचा नववा अवतार ना तो!" आणि मोठ्या भक्तिभावानं हात जोडले. मनात म्हटलं, बघ सूनबाई, तुझ्या देवाला मी कशी हात जोडते!

सुजाता काही बोलली नाही. छोटी बापाकडे पळाल्यावर मात्र हळूच म्हणाली, "आई, राग मानू नका. आमच्याकडे तसं मानत नाहीत. १९५६ साली १४ ऑक्टोबरला आमचे आजोबा नागपूरला होते. बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत हेही आहे, की बुद्ध हा विष्णूचा अवतार मानायचा नाही. आजोबा ती प्रतिज्ञा फार जोरात म्हणायचे."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माथ्यावर ती एका स्तूपाजवळ डोळे मिटून उभी राहिली. मी जाळीतून आतल्या मूर्तीकडे पाहत राहिले. मघाचे माझे जोडलेले हात मला उगाचच जड वाटत होते.

दुपारी विस्नू नमाज पढून आला आणि आम्ही प्रंबाननला निघालो. खरं सांगायचं, तर माझ्या पर्समध्ये घरून आणलेली कुंकवाची डबी होती. परदेशातल्या शंकरासमोर सगळ्यांनी मिळून एकदा हात जोडावेत, एवढीच माझी इच्छा. त्यात सूनही आली, हे उघडच आहे.

प्रंबाननची देवळं म्हणजे दगडी ज्वाळाच. मधलं शंकराचं, सत्तेचाळीस मीटर उंच. एका बाजूला ब्रह्मा, दुसऱ्या बाजूला विष्णू. कठड्याच्या आतल्या अंगाला रामायण कोरलेलं. २००६ च्या भूकंपात यांतली बरीच देवळं खिळखिळी झाली होती. पायऱ्या अशा उभ्या, की मी पहिलीवरच हाय खाल्ली. पुन्हा सुजाताचाच हात पुढे आला. एकेक पायरी करत तिनं मला शंकराच्या दारापर्यंत नेलं.

गाभाऱ्यात अंधार. समई नाही, घंटा नाही, फूल नाही. शंकर उभा, माणसाहून मोठा. माझे हात आपोआप जुळले. मागे वळून पाहिलं. ह्यांचे हात जुळलेले. मुलगा कॅमेऱ्यात डोकं घालून बसलेला; असल्या वेळी पुरुषांना कॅमेरा फार उपयोगी पडतो. सुजाता उंबऱ्याशी शांत उभी होती, दोन्ही हात बाजूला. आणि मध्ये छोटी.

"आजी," ती मोठ्यानं म्हणाली, "मी नमस्कार करू की नको?"

त्या दगडी खोलीत तो प्रश्न केवढा घुमला! मी सुनेकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. 'कर ग बाळ' हे शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होते. दहा वर्षं मी हे शब्द गणपतीत, दिवाळीत सहज बोलत आले होते, आणि सुजाता दर वेळी काहीतरी काम काढून आत जात होती. ते काम नव्हतं, हे मला त्या अंधारात कळलं. मी जीभ आवरली.

"तुला वाटेल ते कर," सुजाता म्हणाली.

छोटीनं थोडा विचार केला. "मला समोरच्या देवळातला नंदी बघायचाय," म्हणाली आणि धावली. हे हसत तिच्यामागे गेले.

कुंकवाची डबी मी बाहेर काढलीच नाही. तिथल्या मूर्तीला कुंकू लावू देतात की नाही, हेही विचारलं नाही. उतरताना सुजाताच पुढे झाली, आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली आले.

संध्याकाळी विस्नूनं जवळच्याच प्लाओसानला गाडी नेली. भाताच्या शेतांत दोन जुळी दुमजली बौद्ध मंदिरं. माणसं जवळजवळ नाहीत. ह्यांचं पुस्तक पुन्हा उघडलं. नवव्या शतकातली राणी बौद्ध, राजा रकाई पिकतान हिंदू, आणि हे मंदिर दोघांच्या नावाशी जोडलेलं, असं इतिहासकार मानतात. एका मंदिराच्या भिंतींवर पुरुष कोरलेले, दुसऱ्याच्या भिंतींवर बायका.

"म्हणजे राणीची सासू कोण होती?" छोटीनं विचारलं. ह्यांच्या पुस्तकात ते नव्हतं.

आम्ही दोघी एका पडलेल्या चिऱ्यावर टेकलो. माझा गुडघा टम्म सुजला होता. सुजातानं पर्समधून मलम काढून दिलं. मी ते चोळत होते आणि मनात हिशेब करत होते. दहा वर्षांत हिच्या आजोबांबद्दल मी एकदाही काही विचारलं नव्हतं. तुझं नाव कुणी ठेवलं, इतकंसुद्धा नाही.

"तुझं नाव आजोबांनीच ठेवलं का ग?"

ती जरा चकित झाली. "हो ना. आईच्या मनात दुसरंच होतं. मोठी गंमत आहे त्याची. आजोबा नागपूरला चालत गेले होते, परतताना..."

तेवढ्यात गाडीपाशी उभे राहून हे घड्याळ दाखवू लागले. उशीर होतोय, विस्नू थांबलाय, गाव लांब आहे...

"जरा थांबा हो!" मी ओरडले. "आम्ही बोलतोय."