जांभळा थर

दर्यापूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात क्लोरीन वॉटर सर स्वतःच करायचे. विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर पाण्यात कालवायची, वरून जरासं हायड्रोक्लोरिक आम्ल, तेही उघड्या खिडकीत. निवळलेलं पिवळसर पाणी तपकिरी बाटलीत जाई. पुढचा तासभर प्रयोगशाळेला ग्रामपंचायतीच्या विहिरीचा वास.

परीक्षानळीत पोटॅशियम आयोडाइडचं द्रावण, त्यात थोडं क्लोरोफॉर्म. ते जड, म्हणून तळाशी बसतं. मग क्लोरीन वॉटरचा एकेक थेंब. वरचं पाणी कोऱ्या चहासारखं होतं, आणि नळी हलवली की तळाला जांभूळ पिळल्यासारखा थर. मीठ ब्रोमाइडचं असेल तर तोच थर नारिंगी. क्लोरीन ब्रोमीनला हुसकावतो, ब्रोमीन आयोडीनला. उलट होत नाही.

मी उतावळा. ड्रॉपर दाबतच राहिलो. जांभळा गुलाबी झाला, मग तोही गेला. नळीत नितळ पाणी! सर मागेच उभे.

"अबे, थेंबानं टाक ना! वावराले पानी देऊन रायला का?"

क्लोरीन जास्त झाला की मोकळ्या झालेल्या आयोडीनलाही सोडत नाही, त्याचं बिनरंगी आयोडेट करून टाकतो.

त्याच तासाला सरांनी आंत्वान बालारचं सांगितलं. 1826 मध्ये, वयाच्या तेविशीत, फ्रान्समधल्या मिठागराच्या उरल्या पाण्यात क्लोरीन सोडून त्यानं ब्रोमीन शोधलं. मला वाटलं, खारं पाणी तर आपल्या घरी आहे. आमचं गाव पूर्णेकाठी, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, साबणाला फेस नाही. दुसऱ्या दिवशी लाखपुरीहून शकुंतला रेल्वेगाडीत बसलो, ते शिशीभर पाणी पिशवीत घेऊनच. बनोसा स्टेशनावर उतरून तडक प्रयोगशाळा.

क्लोरीन वॉटर टाकलं. थर होता तसाच. सरांनी दुसऱ्या नळीत सौम्य नायट्रिक आम्ल घातलं आणि महागाचं सिल्व्हर नायट्रेट मोजून दोन थेंब. दही फुटल्यासारखा पांढरा साका झाला.

"क्लोराइड हाये, बापू. क्लोरीन टाकून क्लोराइडचा रंग कसा येईन?"

बोटाला सिल्व्हर नायट्रेट लागलं होतं, त्याचा काळा डाग आठवडाभर निघाला नाही. आईनं विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"खारं हाये हे पाह्याले शिशी नेली?" ती भाकरी थापता थापता म्हणाली. "जिभेले लावून पाह्यलं असतं त!"