साखळीची सरळ रेषा

सायकलीच्या ज्या भागाभोवती चालकाची सारी शक्ती फिरते, पण जो कुरकुरू लागेपर्यंत ज्याची विचारपूस कोणी करीत नाही, तो भाग म्हणजे बॉटम ब्रॅकेट (बीबी). त्याच्या अ‍ॅक्सलच्या लांबीवर किती गोष्टी अवलंबून असतात, याची प्रचीती मला १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडवलेली, अनेक हातांतून फिरत मजकडे आलेली एक पोलादी माउंटन सायकल वापरताना आली.

सिंहगडाच्या घाटरस्त्यावर, पुढच्या तीन चक्रांपैकी मधल्या चक्रावरून मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर साखळी घेतली की खरखर सुरू होई, आणि पायडल किंचित उलटे फिरवताच ती शेजारच्या लहान चक्रावर उतरे. गिअर जुळवून घेतले, साखळी नवी घातली, तरी या तक्रारीत रतिमात्र फरक पडला नाही. तेव्हा दोष या भागांचा नसून त्यांच्या परस्परस्थानाचा असावा, असा तर्क करून मी मोजमापाची तजवीज केली.

मागच्या हबची रुंदी १३५ मि.मी., म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूस ६७.५, त्यातून हबच्या उजव्या टोकापासून सात चक्रांपैकी चौथ्यापर्यंतचे २० मि.मी. वजा केले, तेव्हा साखळीची मागची रेषा, म्हणजे सायकलीच्या मध्यापासून तिचे अंतर, ४७.५ वर मुक्रर झाले. पुढे, सीटखालच्या नळीच्या मध्यापासून मधले चक्र मात्र ५२ मि.मी. दूर भरले. साखळी साडेचार मि.मी. बाहेरून खेचली जात होती, आणि मोठ्या चक्राकडे जाताना तिचा तिरपेपणा अधिकच वाढत होता.

कारण बीबी उघडल्यावर कळले. उजवीकडच्या वाटीला उलटे आटे असतात, म्हणून ती घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवावी लागते. आत १२२.५ मि.मी.चा अ‍ॅक्सल निघाला. पूर्वीच्या माउंटन सायकलींचे क्रँक फाकलेले नसत, त्यांना असा लांब अ‍ॅक्सल लागे. पुढे क्रँकच्या घडणीतच बदल झाला आणि आखूड अ‍ॅक्सल रूढ झाले. माझ्या सायकलीवर क्रँक नव्या घडणीचा आणि अ‍ॅक्सल जुन्या घडणीचा होता. दोन्ही भाग स्वतंत्रपणे निर्दोष असूनही त्यांची सांगड चुकीची होती.

दोन्ही बाजू सारख्या असलेला ११३ मि.मी.चा अ‍ॅक्सल घातला, तर एकूण साडेनऊ मि.मी. कमी होऊन प्रत्येक बाजू पावणेपाच मि.मी. आत येणार होती, म्हणजे पुढची रेषा ४७.२५ वर येऊन मागच्या रेषेशी जवळजवळ जुळणार होती. मात्र त्याआधी दोन गोष्टींची खातरजमा आवश्यक होती: पुढचे सर्वांत लहान चक्र मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला घासणार नाही ना, आणि नव्या अ‍ॅक्सलची चौकोनी टोके क्रँकच्या छिद्राशी जुळतात ना. या टोकांचा उतार जपानी व आयएसओ या दोन्ही प्रमाणांत २ अंशांचाच असतो, पण आयएसओची टोके किंचित बारीक. म्हणून जपानी प्रमाणाचा क्रँक त्यांवर सुमारे साडेचार मि.मी. अधिक आत बसतो आणि साऱ्या हिशेबावर पाणी पडते. बीबी ज्यात बसतो त्या कवचाची रुंदीही ६८ की ७३ मि.मी. हे पाहूनच तो घ्यावा लागतो. माझ्या सायकलीची ६८ होती.

नवा बीबी बसल्यावर पुढचा डिरेलर त्याच प्रमाणात आत घेतला. खरखर थांबली, उलट्या फेरीतही साखळी जागेवर राहू लागली, आणि पावले साडेनऊ मि.मी. जवळ आल्याने बैठकही अधिक स्वाभाविक वाटू लागली. अ‍ॅल्युमिनियमचा क्रँक सैल राहिला तर त्याचे चौकोनी छिद्र कायमचे बिघडते, यास्तव पहिल्या काही फेऱ्यांनंतर त्याचे बोल्ट पुन्हा आवळून घेतले.

जुन्या सायकलीचा बीबी बदलताना ‘होता तेवढाच द्या’ हा आपल्याकडील शिरस्ता आता सोडून द्यावा. आत असलेला अ‍ॅक्सल योग्यच होता, याची हमी कोणताही भाग देत नाही. वाचकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मागची रेषा मोजा, पुढची मोजा, आणि दोहोंतील फरकाच्या दुप्पट लांबीचा हिशेब कागदावर मांडूनच खरेदी करा.