म्हातारी आणि काळ

'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही म्हण मी आयुष्यभर निर्धास्तपणे वापरीत आलो. परंतु जी मरते ती म्हातारी कोण, तिला काय झाले होते, आणि आपल्या मरणातून इतरांनी सावधगिरी शिकावी यास तिची संमती कोणी घेतली होती काय, असले प्रश्न कुडाळच्या या पडवीत बसून मला आताच का पडावेत, हे माझे मलाच सांगता यावयाचे नाही. म्हातारी वाक्यात येते ती मरूनच. पुढचे क्रियापद काळाच्या वाट्याला जाते. शिवाय हा काळ म्हणजे यम, की नुसतीच सरणारी वर्षे, याचाही उलगडा म्हण करीत नाही.

काकींच्या बाबतीत मात्र काळ सोकावला नाही. गिरणी सुटून मुंबईहून परतलेल्या काकांना त्याने नेले, तेव्हा पाठोपाठ काकीही जाणार असे गृहीत धरून भावकीने सातबाऱ्यावरील नावांची मनोमन रुजुवातही करून ठेविली होती. पण १ एप्रिल २००४ पासून सरकारने एचआयव्हीवरील एआरटीची औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला, आणि 'प्रेशरच्या गोळ्या' आणावयास म्हणून एस.टी.ने जाणाऱ्या काकी आज सत्तरीत आहेत. मरणासाठी मन घट्ट करून बसलेल्या बाईला म्हातारपणाची तजवीज करण्यास कोणी सांगितलेच नव्हते.

एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्यात, आपण अक्षम झालो वा मेलो तर मुलांचा पालक कोण, हे रोगग्रस्त आईबापांना लिहून ठेवण्याची सोय आहे. म्हणजे मूल लहान असतानाच आईबाप जाणार, हा त्यामागचा हिशेब. काकींचा झील पन्नाशीला टेकला आहे. त्यांच्यासारख्यांच्या उपयोगी पडावा तो सर्वोच्च न्यायालयाचा ९ मार्च २०१८ चा निकाल: उपचार निष्फळ ठरल्यास यंत्रावर ठेवू नये, असे आगाऊ लिहून ठेविता येते, आणि २४ जानेवारी २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन साक्षीदार व नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

म्हणून मी कागद घेऊन बसलो. नळी नको, यंत्र नको, यावर काकींनी सोले वाळत घालता घालता मान हलविली, मग म्हणाल्या, "मी कित्याक मेलंय तां कोणाक सांगा नको. सुनेक तर नकोच."

त्या दस्तऐवजात या इच्छेसाठी रकाना नाही. उशाशी बसणार सून; डॉक्टर पहिल्याने विचारणार तिलाच, की यांना कोणती औषधे चालू आहेत. गुपित राखावे, तर म्हणीतला काळ सोकावतो; फोडावे, तर म्हणीतल्या म्हातारीला पुन्हा एकदा न विचारताच वाक्याबाहेर काढल्यासारखे होते; आणि या दोहोंत अधिक क्रूर कोणते, याविषयी काल मला जी थोडीबहुत खात्री होती तीही आज उरलेली नाही.

निदान साक्षीदार तरी ठरवू, असे मी म्हटले. आभाळ भरून आले होते. काकींनी सोले आत घ्यावयास सांगितली, ती घेतली.