पान सांपडलें नाहीं

दुसऱ्याच्या माथीं दोष मारण्यास क्षणहि पुरतो. तो परत घेण्यास मात्र मन घट्ट करावें लागतें. गेल्या वर्षीं विज्ञानप्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं मला हा धडा मिळाला, आणि तो ४०४ या आंकड्यानें दिला.

शाळेच्या ग्रंथालयांतील पुस्तकांची यादी संगणकावर पाहतां यावी, म्हणून मी व माझा एक वर्गमित्र जावा भाषेंत लहानसें वेब ॲप तयार करीत होतों. नेरूळच्या आमच्या घरीं, माझ्या संगणकावर, तें टॉमकॅट नांवाच्या सर्व्हरच्या साह्यानें चाले. रात्रीं मित्रानें त्यावर शेवटचा हात फिरविला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं शाळेंतून आल्यावर मी यादीचें पान उघडावयास गेलों, तों पडद्यावर ४०४, पान सांपडलें नाहीं! मीं तत्काळ मित्राला फोन करून म्हटलें, "तूंच कांहीं तरी पुसून टाकलें आहेस." "मीं कांहीं पुसलेलें नाहीं रे," एवढेंच बोलून तो गप्प झाला.

सायंकाळीं ताई कॉलेजांतून आली. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होती. माझा त्रागा ऐकून ती म्हणाली, "अरे, हा आंकडा काय सांगतो तें तर आधीं ऐक. सर्व्हर बंद असता, तर जोडणीच झाली नसती. उत्तर आलें, त्या अर्थीं दार उघडणारा घरांत आहे. तूं मागितलेलें मात्र त्याला त्या पत्त्यावर आढळत नाहीं. ४ नें आरंभ होणारे आंकडे मागणाऱ्याकडे बोट दाखवितात, ५ नें आरंभ होणारे सर्व्हरकडे."

मग तिनें पत्ता तपासावयास घेतला. १९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें आपलें नवी मुंबई शहर निरनिराळ्या नोडांत वसविलें व त्यांतील सेक्टरांना स्वतंत्र क्रमांक दिले. त्यामुळें सेक्टर १५ वाशींतहि आहे आणि बेलापुरांतहि. नोडाचें नांव गाळून नुसता सेक्टर सांगणाऱ्या पाहुण्याची जी गत, तीच 'लोकलहोस्ट' व ८०८० हा पोर्ट क्रमांक लिहून ॲपचें नांव गाळणाऱ्याची. नांवांतील इंग्रजी अक्षरें मोठीं कीं लहान, हेंहि टॉमकॅट काटेकोरपणें पाहतो. आणि 'वेब-इन्फ' या फोल्डरांतील पान तो थेट मागणाऱ्यास देतच नाहीं. आमचा पत्ता बिनचूक होता. ॲपचें पहिलें पानहि उघडत होतें. अडत होतें तें फक्त यादीचें पान, जें सर्व्हलेटमधून तयार होई.

"काल चाललेलें आज थांबलें, तर मध्यें काय बदललें?" ताईनें विचारलें. मी चपापलों. प्रदर्शनाला सर्व कांहीं नवें असावें, या हौसेनें त्याच सकाळीं मीं टॉमकॅट ९ काढून १० बसविला होता!

त्यामागची हकीकत ताईनें सांगितली. २०१७ सालीं ओरॅकल कंपनीनें जावाचा हा सर्व्हरविषयक भाग एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपविण्याचें जाहीर केलें. परंतु 'जावाएक्स' हें जुनें नांव ठेवून त्यांत पुढें फेरफार करण्याची मुभा मिळाली नाहीं. म्हणून २०२० सालीं तें नांव 'जकार्ता' असें बदललें. टॉमकॅट १० हें नवें नांवच ओळखतो. आमच्या सर्व्हलेटवर पाटी जुन्या नांवाची होती. ती त्यानें वाचलीच नाहीं, आणि तक्रारहि केली नाहीं. मीं पुन्हां टॉमकॅट ९ बसविला, तोंच यादी पडद्यावर झळकली.

आनंद झाला, पण क्षणभरच. लोकलहोस्ट म्हणजे आपलाच संगणक. तेथें मागणाराहि आपण आणि देणाराहि आपण. अशा ठिकाणीं मीं अपराधी शोधला तो मात्र तिसरा!

मी तसाच मित्राच्या घरीं गेलों व क्षमा मागितली. कांहीं वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, "आधीं विचारलें असतेंस, तर मी दुपारींच आलों असतों." हे शब्द मला कोणत्याहि शिक्षेहून अधिक लागले. दुसऱ्या दिवशीं प्रदर्शनांत आम्ही दोघे एकाच टेबलाशीं उभे होतों.

विद्यार्थिमित्रहो, पान सांपडलें नाहीं असें संगणक सांगेल, तेव्हां क्रमानें विचारा: सर्व्हर चालू आहे काय? पत्ता पुरा आहे काय? आणि मधल्या वेळांत मीं स्वतः काय बदललें? हा तिसरा प्रश्न मीं आतां केवळ संगणकापुरता ठेविलेला नाहीं.