कणसूर

आमच्या बँडमध्ये आम्ही पाच जण. चौघं आयटीवाले आणि पाचवा इंटिरियर डिझायनर, म्हणजे आयटीवाल्यांचीच घरं सजवणारा. पैसा शेवटी एकाच विहिरीतला :) दर शनिवारी कर्वेनगरात एक प्रॅक्टिस रूम दोन तास भाड्याने घ्यायची, चार गाणी वाजवायची, मग वडापाव आणि चहा. आठवडाभर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये जो जीव आंबतो तो या दोन तासांत जरा ताजा होतो.

आमचा गाणारा हा माझा इंजिनिअरिंगपासूनचा रूम पार्टनर. नाव लिहीत नाही, पण हे लिहिण्याआधी त्याची परवानगी घेतलेली आहे. बँड ही कल्पना त्याचीच. पहिला बोनस आल्यावर लोक फोन घेतात, याने आठ चॅनलचा मिक्सर आणि दोन स्पीकर घेतले. दोन वर्षं कपाटावर धूळ खात पडलेली माझी गिटारही यानेच खाली काढायला लावली. हे सगळं खरं आहे. आणि त्याला गाता येत नाही हेही खरं आहे.

'गाता येत नाही' हे जरा ढोबळ झालं. आपल्याकडे यासाठी नेमके शब्द आहेत. एक असतो बेसूर. तो कळायला गाण्यातलं काही कळावं लागत नाही. दुसरा कणसूर. सूर कणभर इकडे किंवा तिकडे. ऐकणाऱ्याला काय चुकतंय ते सांगता येत नाही, तो नुसता खुर्चीत चुळबुळ करतो. आमचा मित्र कणसूर. खालच्या सुरांत ठीक, पण गाणं वर चढलं की गाणं पुढे जातं आणि हा एक पायरी मागे. इंजिनिअर असल्यामुळे मी एकदा प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग ट्यूनर ॲपला ऐकवलं. शेजारच्या दोन सुरांमधलं अंतर शंभर सेंट धरतात. हा वरच्या सुरांवर तीस-चाळीस सेंट खाली.

म्हणजे माझ्याकडे डेटासुद्धा होता! आणि तरी तीन वर्षं मी त्याला काय सांगत होतो? "आज घसा बसलाय का रे?" "या रूममध्ये आवाज घुमतो ना फार." "हे गाणं दोघांनी म्हणूया का, भरीव वाटेल." आणि अगदीच अंगाशी आलं तर, "भारी!" आमचा कीबोर्डवाला सुरेल गातो, त्यामुळे 'दोघांनी म्हणूया' हे फारच उपयोगी पडायचं. पुढे पुढे तर त्याला वगळून आमचा चौघांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. विषय एकच: त्याला सांगायचं कुणी? ठराव दर वेळी एकमताने मंजूर व्हायचा की मी सांगायचं. कारण मी रूम पार्टनर.

तर झालं असं की गेल्या वर्षी एका सोसायटीच्या गणेशोत्सवात आम्हाला तासभराचा कार्यक्रम मिळाला. समोर अडीचशे-तीनशे लोक, पहिल्या रांगेत आजी-आजोबा, मागे मुलांचा पकडापकडीचा खेळ. मिक्सर माझ्या शेजारच्या टेबलावर. दुसऱ्याच गाण्याला वरचा सूर घसरला आणि पहिल्या रांगेतले एक काका शेजाऱ्याकडे बघून हसले.

मी काय केलं? त्याच्या माइकचा फेडर हळूच खाली ओढला आणि कीबोर्डवाल्याचा वर केला.

ज्यांनी मिक्सर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गायकाच्या पायाशी जो मॉनिटर स्पीकर असतो, त्याला आवाज सहसा वेगळ्या वाटेने जातो. फेडरच्या आधीच तिथे आवाज काढून घेतलेला असतो. त्यामुळे फेडर खाली केला तरी गायकाला स्वतःचा आवाज पूर्वीसारखाच ऐकू येतो. फक्त लोकांना येत नाही. पुढची चाळीस मिनिटं माझा मित्र डोळे मिटून, जीव तोडून स्वतःसाठी गात होता. टाळ्या पडल्या. त्याने घामेजलेल्या अंगाने मला मिठी मारली. मी म्हटलं, "भारी!"

रात्री त्याच्या आईने व्हिडिओ पाठवला. दहाव्या रांगेतून काढलेला. खाली लिहिलं होतं, 'छान झालं. तुझा आवाज मात्र आलाच नाही रे.'

त्याने तो तीनदा बघितला. मग मिक्सरची बॅग उघडली. केबल काढल्या तरी फेडर मी ठेवला होता तिथेच होता. तो माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, "माझ्या कोडला तू सव्वीस कमेंट टाकतोस. एका स्पेसवरून वाद घालतोस. आणि गाण्याला तीन वर्षं नुसतं भारी?"

मी म्हटलं, "तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला की तुला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे पाच आठवडे आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहून दूध आणि लाइटबिल याखेरीज एक शब्द बोललो नाही. शनिवारची रूम कॅन्सल.

त्याच दिवसांत एकटाच बसून 'फ्लोरेन्स फॉस्टर जेन्किन्स' हा २०१६चा सिनेमा पाहिला. मेरिल स्ट्रीपचा. बाई खरोखर होऊन गेलेल्या. न्यूयॉर्कच्या श्रीमंत वर्तुळातल्या, ऑपेराच्या वेड्या, आणि सुराशी फारसा संबंध नाही. वर्षानुवर्षं त्यांचे कार्यक्रम निवडक, ओळखीच्या लोकांपुढे व्हायचे. सगळे टाळ्या वाजवायचे. मग २५ ऑक्टोबर १९४४ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. तिकिटं सगळी खपली होती, पण या वेळी दारं सगळ्यांना उघडी होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांची खिल्ली उडवली. जेमतेम महिनाभरात त्या गेल्या. टीकेमुळेच गेल्या असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकत नाही. पण सिनेमा संपल्यावर मला त्या समीक्षकांपेक्षा टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांचाच जास्त राग आला. आणि मग लक्षात आलं की मी नेमका कुठल्या रांगेत बसलोय.

मला आता वाटतं की आपण ज्याला समोरच्याचं मन सांभाळणं म्हणतो, त्यात बराचसा भाग आपली संध्याकाळ सांभाळण्याचा असतो. खरं तर तो कधीतरी ऐकणारच असतो. प्रश्न एवढाच की ते मित्राकडून, काही करता येईल अशा वेळी ऐकायचं, की आईने पाठवलेल्या व्हिडिओतून.

शेवटी एका रविवारी सकाळी मी दोन चहा केले आणि त्याच्यासमोर बसलो. आधी फेडरची माफी मागितली, 'पण' न लावता. मग कोड रिव्ह्यूत सांगतो तसं सांगितलं. कोड लिहिणाऱ्याबद्दल बोलायचं नाही, ओळ नंबर सांगायचा. "तुझा खालचा आवाज चांगला आहे. अंतरा चढला की तू सुराच्या खाली राहतोस. दर वेळी, त्याच जागी. आत्ता आहे तसं मुख्य गायक म्हणून स्टेजवर चालणार नाही. हे माझं मत आहे, ग्रुपचा निरोप म्हणून सांगत नाहीये." आणि रेकॉर्डिंग लावलं.

स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कुणालाच आवडत नाही. एरवी तो आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे आतून जास्त भरदार वाटतो. त्यात बाजूला ड्रम्स वाजत असतील तर आपण सुरात आहोत की नाही हेही धड कळत नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हे खरंच असं येतं?" मी म्हटलं, "हो." चहा गार झाला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "हे गाणं आपण याच पट्टीत का वाजवतो?"

इथे माझी पंचाईत झाली. खरं कारण म्हणजे मूळ गाणं ई मायनरमध्ये आहे आणि गिटारवर ते कॉर्ड्स सोपे पडतात. मला. पेटीच्या भाषेत पांढरी तीन. तीन वर्षं मी त्याला माझ्या बोटांच्या सोयीने ओरडायला लावत होतो. गिटारला तिसऱ्या पट्टीवर कॅपो लावून ए मायनरचे आकार धरले की तेच गाणं सी मायनरमध्ये येतं, म्हणजे पांढरी एक. चार सूर खाली. खर्च काय? तीनेकशे रुपयांचा कॅपो.

यापुढे तो एकदम सुरेल झाला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पट्टी उतरवल्यावर निम्मा प्रश्न सुटला, उरलेला निम्मा त्याचाच आहे. जवळच्या एका बाईंकडे तो गाणं शिकायला जातो. त्यांनी गाणी बंद करून त्याला तंबोऱ्यावर नुसता खर्ज लावायला बसवलंय. सकाळी सहाला बाथरूमच्या पलीकडून म्हशीसारखा आवाज येतो. (हे वाक्यही त्याने मंजूर केलेलं आहे.) बँडमध्ये आता मुख्य गायक कीबोर्डवाला. त्याच्या वाट्याला तासाभरात दोन गाणी, दोन्ही पांढरी एकमध्ये. त्याला याचं वाईट वाटतं, आणि ते तो लपवत नाही. प्रॅक्टिसहून परतताना कधी कधी तो गाडीत गप्प असतो. तेव्हा मीही काही भारी-बिरी म्हणत नाही.

चौघांचा तो ग्रुप मी डिलीट केला.

काल प्रॅक्टिस झाल्यावर त्याने विचारलं, "दुसरा अंतरा?" मी म्हटलं, "कणसूर. शेवटची ओळ." तो म्हणाला, "वाटलंच मला." मग वडापाव आणायला गेला. परत येताना माझ्यासाठी जास्तीची मिरची घेऊन आला आणि म्हणाला, "आणि तुझा कॅपो तिरका लागलाय. पहिली तार भुणभुणतेय. तीन आठवडे झाले."

असो. कॅपो नीट लावायला शिकतोय.